येऊ द्या की पुढे!

बुद्धिबळाच्या डावाची सुरुवात कशी करावी याबद्दल जाणत्यांचे एकमत होऊन बराच काळ लोटला आहे. पटाची मधली चार घरे ताब्यात घ्यावीत. ती प्याद्यांनी घ्यावीत. मग आधी घोडे आणि नंतर उंट बाहेर काढावेत. सुरुवातीला एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवू नये. आणि राजाला लवकर किल्लेकोटात बसवावे. कोणत्याही शिकवणीत, कोणत्याही पुस्तकाच्या पहिल्या दहा पानांत ही पंचसूत्री भेटतेच. ती चुकीची आहे असे म्हणण्याचे धाडस आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चौथ्या पटावर बसणाऱ्या माझ्यासारख्याने करू नये, हे मला कळते. परंतु या पंचसूत्रीतील पहिली दोन सूत्रे आणि चौथे सूत्र अवघ्या चार खेळ्यांत उघडपणे मोडणारा एक बचाव शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. त्याचे नाव अलेखाइन बचाव. त्याची बाजू मांडण्यासाठी हा लेख.

बाजू मांडण्याची गरज अशी की आमच्या जिमखान्यात या बचावाला फारशी इज्जत नाही. कुणी तो खेळू लागला की शेजारच्या पटावरून दोन शेरे ठरलेले येतात. पहिला शेरा असा : ‘‘काहीतरी वेगळे करून दाखवायची हौस!’’ दुसरा जरा अधिक गंभीर असतो : ‘‘हा फसवाफसवीचा खेळ आहे, चांगल्या खेळाडूपुढे चालायचा नाही.’’ पहिला शेरा खेळणाऱ्याच्या स्वभावाबद्दल आहे आणि दुसरा बचावाच्या किमतीबद्दल. माझ्या मते दोन्ही शेरे खेळाकडे नीट न पाहता मारलेले आहेत. पण हेही सांगून टाकतो, की या बचावाची बदनामी त्याच्या विरोधकांपेक्षा त्याच्या भक्तांनीच जास्त केली आहे. त्यांच्याकडे मी शेवटी वळेन.

आधी पटावर काय घडते ते पाहू. बुद्धिबळ न खेळणाऱ्या वाचकांनी, आणि आमच्या प्राध्यापकवर्गात असे बरेच आहेत, पुढचे दोन परिच्छेद जरा सबुरीने वाचावेत. पुढे त्यांचा उपयोग होईल.

पांढरा आपल्या राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलतो. जगातील असंख्य डाव असेच सुरू होतात. याला काळ्याचे रूढ उत्तर म्हणजे आपलेही एखादे प्यादे पुढे करून मध्यावर हक्क सांगणे. अलेखाइन बचावात काळा तसे काही करीत नाही. तो राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढतो आणि त्या प्याद्यावर रोखतो. पांढरा साहजिकच प्यादे आणखी एक घर पुढे सरकवून घोड्यालाच हुसकावतो. घोडा मागे न जाता पटाच्या ऐन मध्यात उडी मारतो. पांढरा वजिरापुढचे प्यादे दोन घरे काढतो. काळा आपले वजिरापुढचे प्यादे एकच घर पुढे सरकवून पांढऱ्याच्या त्या पुढे आलेल्या प्याद्याला हळूच कोपर मारतो. आता पांढरा वजिराकडील उंटापुढचे प्यादे दोन घरे टाकून घोड्याला पुन्हा हाकलतो. घोडा वजिराच्या बाजूला, पटाच्या कडेजवळ जाऊन बसतो. मग पांढऱ्याला उत्साह असेल तर तो राजाकडील उंटापुढचे प्यादेही दोन घरे पुढे आणतो. याला चार प्याद्यांचा हल्ला म्हणतात.

आता पटाकडे पाहा. पांढऱ्याची चार प्यादी पटाच्या मध्यावर भिंतीसारखी उभी आहेत. काळ्याचा एकुलता एक बाहेर पडलेला घोडा तीन उड्या मारून कडेला बसला आहे. पाहणाऱ्याला वाटते, डाव संपल्यातच जमा आहे. काळ्याने मैदान सोडले. पण खेळ्या मोजा. पांढऱ्याने पाच खेळ्या केल्या, त्या पाचही प्याद्यांच्या. त्याचे दोन्ही घोडे, दोन्ही उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर जिथे होते तिथेच आहेत. एवढा मुलूख काबीज झाला, पण त्याच्या राखणीला अजून एकही सरदार घराबाहेर पडलेला नाही. पुढची खेळी काळ्याची आहे.

या बचावाचे सगळे तत्त्वज्ञान एका साध्या नियमावर उभे आहे. तो नियम लहान मुलालाही माहीत असतो, म्हणूनच त्याचा अर्थ आपल्या लक्षात येत नाही. पटावरचा प्रत्येक मोहरा मागे येऊ शकतो. प्यादे येऊ शकत नाही. घोड्याची चूक दोन खेळ्यांनी दुरुस्त होते. प्याद्याने टाकलेले पाऊल कायमचे असते. घोड्याला हाकलले म्हणजे काळ्याचा वेळ गेला हे खरे. पण त्याला हाकलण्यासाठी पांढऱ्याने जे खर्च केले ते परत मिळणारे नाही. एकाने वेळ दिला आणि दुसऱ्याने शब्द दिला. वेळ पुढे भरून काढता येतो. दिलेला शब्द मात्र पाळावा लागतो, आणि तोही शेवटच्या खेळीपर्यंत.

शब्द म्हणजे नेमके काय, ते पटाच्या भाषेत सांगतो. प्यादे सरळ चालते, पण मारते तिरके. त्यामुळे एका प्याद्याला दुसऱ्या प्याद्याचा आधार मिळायचा तर तो शेजारच्या पट्टीवरून आणि एक घर मागून मिळतो. पांढऱ्याचे वजिरापुढचे प्यादे घ्या. त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्याद्यांपैकी एक त्याच्या बरोबरीला आले आहे आणि दुसरे त्याच्याही पुढे निघून गेले आहे. म्हणजे आता त्याला आधार देणारे प्यादे संबंध पटावर उरलेले नाही, आणि पुढे कधी निर्माणही होणार नाही. त्याची राखण घोडा, उंट आणि वजीर यांनाच करावी लागणार. ज्यांनी स्वारीवर जायचे त्यांना पहारेकरी व्हावे लागते. भिंतीचा हा पायाचा दगड आहे, आणि काळ्याचे सारे लक्ष त्याच दगडावर असते.

म्हणूनच यानंतरच्या काळ्याच्या खेळ्यांना एक सूत्र असते. तो मध्यावर प्याद्यांची एक मारामारी करून घेतो. भिंतीतील एक वीट हलते. दुसरा घोडा बाहेर येतो तो थेट त्या निराधार प्याद्यावर नजर ठेवून. वजिराकडील उंट, राजापुढचे प्यादे सरकवून स्वतःची वाट बंद करण्याआधीच, बाहेर काढला जातो. या एका क्रमावर कितीतरी डावांचे भवितव्य ठरले आहे. पांढऱ्याचा घोडा त्या प्याद्याच्या राखणीला आला की हाच उंट पुढे जाऊन घोड्याला जखडतो. म्हणजे पहारेकऱ्यालाच धरले. आणि कडेला हाकललेला तो पहिला घोडा? तो काही रुसून बसलेला नसतो. त्याच्या समोरच तिरके, पांढऱ्याचे उंटापुढचे प्यादे आहे, ज्याने त्याला हाकलले तेच. तो त्याच्यावर नेम धरून बसलेला असतो.

हे सारे काळ्याला फुकट मिळते असे मात्र नाही. पांढऱ्याने राखण पुरी केली आणि योग्य क्षणी वजिरापुढचे ते प्यादे आणखी एक घर पुढे रेटले, तर काळ्याची मोहरी अपुऱ्या जागेत एकमेकांच्या पायांत अडकतात आणि डाव वीस खेळ्यांतही आटोपू शकतो. जागा कमी असणे ही खरीच अडचण आहे. एका खोलीत आठ माणसे राहतात तेव्हा ती एकमेकांवर प्रेम करतात म्हणून धक्के लागत नाहीत असे होत नाही. काळा हा धोका डोळे उघडे ठेवून पत्करतो, आणि मला या बचावाचे कौतुक वाटते ते त्यासाठीच.

आता थोडा इतिहास. अलेक्झांडर अलेखाइन १८९२ साली मॉस्कोत जन्मला. १९२१ साली त्याने रशिया सोडला आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या स्पर्धेत हा बचाव खेळून दाखवला. ती स्पर्धाही त्यानेच जिंकली. पुढे १९२७ साली ब्यूनोस आयर्सला कापाब्लांकाला हरवून तो जगज्जेता झाला. परंतु बुडापेस्टमधील ही खेळी म्हणजे एका माणसाची लहर नव्हती. त्या काळी बुद्धिबळात न्युरेंबर्गचे डॉक्टर झीगबर्ट टाराश यांचा शब्द प्रमाण होता. मध्य प्याद्यांनी व्यापावा, जागा कमी असणे हा आजार आहे, अशी त्यांची शिकवण. तिला नव्या पिढीने आव्हान दिले. निम्झोविच, रेटी, ब्रायर, टार्टाकोवर, ग्रुनफेल्ड ही त्यातील ठळक नावे. त्यांचे म्हणणे असे : मध्य महत्त्वाचा आहे हे मान्य, पण मध्य व्यापणे वेगळे आणि त्यावर हुकमत असणे वेगळे. दुरून उंट-घोड्यांनीही हुकमत ठेवता येते, आणि प्रतिस्पर्ध्याने उभारलेला मोठा मध्य हेच त्याचे ओझे ठरू शकते. १९२४ साली न्यूयॉर्कला रेटीने याच विचाराने खेळून कापाब्लांकाला हरवले. आठ वर्षांत त्याचा तो पहिला पराभव. १९२५ साली निम्झोविचचे ‘माझी पद्धती’ हे पुस्तक निघाले आणि बंडखोरांची मतेही हळूहळू पाठ्यपुस्तकात जाऊन बसली. बंडाचे असेच व्हायचे.

या इतिहासातील एक धागा आपल्या देशाकडे येतो, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाचा एक स्कॉटिश बॅरिस्टर होता. त्याच्या काळच्या बलाढ्य खेळाडूंपैकी एक. त्याच्याशी महेशचंद्र बॅनर्जी हे बंगाली गृहस्थ खेळत. त्या दोघांमधील शेकडो डावांची नोंद राहिली आहे. महेशचंद्र काळी मोहरी घेऊन बसले की मध्य व्यापण्याची घाई करीत नसत. वजिरापुढचे किंवा राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एखादेच घर सरकवीत, उंट कोपऱ्यातील लांब तिरप्या रेषेवर ठेवीत, आणि साहेबाला पुढे येऊ देत. यामागे सवयही असेल. आपल्या देशी डावात बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या खेळीला एकच घर चाले. दोन घरांची उडी ही विलायती रीत. ज्याला एकेक पाऊल टाकायची सवय आहे त्याला दुसऱ्याच्या धावपळीचे भय वाटत नाही. कॉक्रनने ग्रुनफेल्डच्या जन्माआधी, १८५५ साली, ज्या मांडणीला तोंड दिले तिला आज ग्रुनफेल्डचे नाव आहे, आणि ती मांडली होती महेशचंद्रांनी. अशा बचावांच्या कुळाला पुढे ‘इंडियन’ हे नाव पडले. अलेखाइन बचाव या कुळातील नव्हे, पण त्याचा नातलग मात्र नक्की आहे. दोघांचे बोलणे एकच : येऊ द्या की पुढे!

इथे आपल्याकडचा कुणीही चटकन म्हणेल, ‘‘म्हणजे हा गनिमी कावाच की!’’ मराठी माणसाला हा शब्द सुचणे स्वाभाविक आहे. शत्रूला आत येऊ द्यायचे, त्याची रसद लांबू द्यायची, मग गाठायचे, इथवर तुलना जमते. पण पुढे ती तुटते, आणि जिथे तुटते तिथेच या बचावाचे खरे स्वरूप कळते. गनिमी काव्याचा प्राण आहे लपणे : डोंगर, झाडी, रात्र. पटावर झाडी नाही. काळ्याचा प्रत्येक मोहरा पांढऱ्याच्या डोळ्यांपुढे आहे. काळ्याचा बेतही शंभर वर्षांच्या पुस्तकांतून छापून आलेला आहे. दोघांनाही सगळे दिसत असताना, ‘तू पुढे ये, मी तुझा पाया तपासतो,’ असे तोंडावर सांगणारा हा बचाव आहे. याला फसवाफसवी म्हणणे म्हणजे उघड्या पुस्तकाची परीक्षा घेणाऱ्याला लबाड म्हणण्यासारखे आहे.

फसवाफसवी असती तर तिचे आयुष्य फार तर एका मोसमाचे. चकवा एकदा कळला की संपतो. याउलट १९७२ साली रेक्याविकला, साऱ्या जगाचे लक्ष लागलेल्या सामन्यात, बॉबी फिशरने बोरिस स्पास्कीविरुद्ध तेराव्या डावात हाच बचाव काढला. त्याआधी अकराव्या डावात फिशरचा लाडका सिसिलियन बचाव स्पास्कीने पार उधळून लावला होता. तेराव्या डावात पांढऱ्याचा मध्य कोसळला वगैरे काही नाट्य घडले नाही. पुढे आलेल्या प्याद्याची काळजी वाहण्यात स्पास्की गुंतला, पटाच्या दुसऱ्याच टोकाला फिशरने एक प्यादे टिपले, आणि लढाई लांबतच गेली. शेवटी शेवटी तर फिशरचा हत्ती पांढऱ्याच्या बाजूने कोंडल्यासारखा एका जागी अडकला आणि त्याची प्यादीच एकटी लढत राहिली. ७४ खेळ्यांनी स्पास्कीने शरणागती पत्करली. एकोणिसाव्या डावात फिशरने हाच बचाव पुन्हा खेळला. तो डाव बरोबरीत सुटला. लेव्ह आल्बर्टने तर जन्मभर हा बचाव आपला मानला, आणि हा माणूस १९८४, १९८५ व १९९० असा तीनदा अमेरिकेचा विजेता झाला. २००८ साली लिनारेसला सतरा वर्षांच्या मॅग्नस कार्लसनने वेसेलिन टोपालोवला याच बचावाने हरवले. चांगल्या खेळाडूपुढे चालायचा नाही, या शेऱ्याला एवढे उत्तर पुरे व्हावे.

हौसेच्या शेऱ्याचे उत्तर दुसऱ्या एका डावात मिळते. १९८० साली स्वीडनमध्ये स्कारा येथे इंग्लंडच्या टोनी माइल्सने तेव्हाचा जगज्जेता अनातोली कार्पोव याच्या पहिल्या खेळीला अगदी कडेचे, वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे एकच घर सरकवून उत्तर दिले. नवशिक्याने करावी तशी खेळी. ४६ खेळ्यांनंतर जगज्जेता हरला होता. हा डाव सांगताना लोक पहिली खेळी सांगतात आणि थांबतात. पुढे पाहिले तर दिसते, की माइल्सने शेजारचे प्यादे पुढे घेतले, त्यामागून उंट लांब तिरप्या रेषेवर आणला, आणि मग उंटापुढच्या प्याद्याने पांढऱ्याच्या मध्याला बाजूने धडक दिली. पहिली खेळी विक्षिप्त होती, बेत विक्षिप्त नव्हता. नुसत्या वेगळेपणाने जगज्जेता एक क्षण चकित होतो. पण त्यानंतर पंचेचाळीस खेळ्या खेळायच्या उरतातच.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ. ते असे, की आज संगणकाला विचारले तर तो या बचावात पांढऱ्याला, रूढ उत्तरांच्या मानाने, थोडे अधिक चांगले मानतो. अव्वल स्पर्धांतून तो क्वचितच दिसतो. हे खरे आहे. आणखीही एक खरे आहे. हा बचाव हावरट पांढऱ्याविरुद्ध जितका रंगतो तितका समाधानी पांढऱ्याविरुद्ध रंगत नाही. चार प्याद्यांचा मोह टाळून पांढऱ्याने दोनच प्यादी पुढे ठेवली, घोडा शांतपणे बाहेर काढला, किंवा आलेले प्यादे सरळ मारामारीत देऊन टाकले, तर काळ्याला धडक द्यायला भिंतच राहत नाही. पांढऱ्याजवळ जरा जास्त जागा आणि काळ्याजवळ जरा जास्त चिकाटी, असा संथ डाव होतो. प्रतिस्पर्ध्याच्या हावरटपणावर ज्याने आपली सगळी मदार ठेवली, त्याची इथे निराशा ठरलेली.

परंतु संगणकाचे ते ‘थोडे अधिक’ वसूल करायला संगणकाचाच खेळ लागतो. आपल्या स्पर्धांत, दोन्ही बाजूंना चुका करणारी माणसे बसलेली असतात. तिथे प्रश्न असा असतो : कोणती स्थिती माझ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा मला जास्त समजते? आणि याचे उत्तर संगणक देत नाही.

इथे माझ्या खऱ्या तक्रारीवर येतो. २०२४ साली गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला; २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. गल्लोगल्ली बुद्धिबळाच्या शिकवण्या निघाल्या, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आपण शिकतो कसे? रूढ सुरुवातींच्या पंधरा-पंधरा खेळ्या पाठ करून. सोळाव्या खेळीला पुस्तक संपते आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. आपल्याला ही रीत परकी नाही. गाइडातले उत्तर जसेच्या तसे उतरवणारा विद्यार्थी प्रश्न जरा फिरवून विचारला की जसा घामाघूम होतो, तसेच हे. आणि आता त्या भक्तांविषयी, ज्यांचा मी आरंभी उल्लेख केला. ते रूढ सुरुवातींचा कंटाळा आला म्हणून अलेखाइन बचावाकडे येतात आणि त्याच्याही बारा खेळ्या पाठ करतात! प्रतिस्पर्ध्याला हे माहीत नसेल या भरवशावर बसतात. तो चार प्यादी पुढे आणील म्हणून वाट पाहतात. त्याने नाही आणली की यांचा घोडा उगाचच तीन उड्या मारून कडेला बसलेला उरतो. मग डाव हरला की दोष बचावाला. पाठांतराला पाठांतराचे औषध दिल्यावर दुसरे काय होणार?

म्हणून मी या बचावाची शिफारस करतो ती जिंकण्याची किल्ली म्हणून नव्हे. तो खेळताना पहिल्या खेळीपासून विचार करावा लागतो, म्हणून. पांढऱ्याने हे प्यादे का ढकलले? त्याने मागे कोणते घर उघडे पडले? याला आता आधार कुणाचा? हा माझ्याकडे येतो आहे की आपल्या घरापासून दूर जातो आहे? हे प्रश्न ज्याला पडू लागले तो उद्या कोणतीही रूढ सुरुवात खेळला तरी ती समजून खेळेल. पंचसूत्री मोडून पाहिल्याशिवाय तिच्यातील प्रत्येक सूत्राचे कारण कळत नाही. ज्याने मध्य एकदा जाणूनबुजून दिला, त्यालाच मध्य घेण्याची किंमत ठाऊक होते.

आमच्या कॉलेजच्या वाचकांना यात आणखी एक ओळखीची खूण सापडेल. दहावीला बरे गुण असताना कलाशाखेला आलेल्या मुलामुलींकडे घरातील आणि शेजारची माणसे ज्या नजरेने पाहतात, ती नजर आणि तीन उड्यांनंतर कडेला बसलेल्या घोड्याकडे पाहणारी नजर यांत फार अंतर नाही. मैदान सोडले, वेळ घालवला, आता हा काय करणार! बरोबरीचे मित्र चार चार प्यादी पुढे काढून बसलेले दिसतात. मी या तुलनेचा फार ताण देणार नाही, कारण ती दुधारी आहे. कडेला बसलेला प्रत्येक घोडा काही नेम धरून बसलेला असतोच असे नाही. काही नुसतेच हाकललेले असतात. फरक एवढाच, की आपण इथे का आलो आणि इथून काय दिसते, हे ज्याला सांगता येते त्याची ती जागा असते. ज्याला सांगता येत नाही त्याच्यासाठी मध्यावरची जागाही कडेचीच.

तेव्हा जिमखान्याच्या कार्यवाहांना माझी एक सूचना आहे. येत्या वर्षी संघातील एका तरी पटावर, सराव-सामन्यांपासूनच, अलेखाइन बचाव खेळायला मोकळीक असावी. अट एकच. डाव संपल्यावर, हार असो वा जीत, खेळणाऱ्याने पहिल्या दहा खेळ्यांतील प्रत्येक खेळीचे कारण सर्वांपुढे सांगावे. ‘‘पुस्तकात आहे’’ हे कारण धरले जाणार नाही. मला वाटते, हीच अट पुढे रूढ सुरुवाती खेळणाऱ्या पटांनाही लावता येईल. मग कोणाचा खेळ वेगळेपणाच्या हौसेवर चालला आहे आणि कोणाचा नुसत्या सवयीवर, हे आपोआप दिसेल. आणि पांढरी मोहरी घेऊन बसणाऱ्या मित्रांना एवढेच सांगतो, की घोडा हाकलण्याआधी एकदा हात आवरून स्वतःच्या प्याद्याकडे पाहा. घोड्याला परत यायला जागा आहे. प्याद्याला नाही.